कॉर्डलेस हत्यारे व त्यांच्या बॅटऱ्या (सुतारकाम)

भोके पाडणे, स्क्रू बसवणे, कापणे, रंधा मारणे, घासणे व खाचा काढणे या सुतारकामातील क्रियांसाठी वापरली जाणारी, पुन्हा भारित करता येणाऱ्या बॅटरीवर चालणारी विद्युत हत्यारे. ती वापरण्याची रीत वायर असलेल्या हत्यारांसारखीच असल्याने या नोंदीत मुख्यतः निवडीचे निकष दिले आहेत. हत्याराची मोटर व यंत्रणा बरीच वर्षे टिकते, बॅटरी मात्र ठरावीक आवर्तनांनंतर (भारित होऊन रिकामी होण्याच्या फेऱ्यांनंतर) क्षीण होते. शिवाय एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या हत्याराला बसत नाही. त्यामुळे पहिले ड्रिल घेताना सुतार खरे तर बॅटरीची प्रणाली निवडत असतो आणि निवडीचा विचार तेथूनच सुरू व्हायला हवा.

इतिहास : सुताराच्या सामत्याची व गिरमिटाची (भोके पाडण्याच्या हाती हत्यारांची) जागा घेणाऱ्या विद्युत ड्रिलचा उगम सामान्यतः १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे अर्नॉट व ब्रेन यांनी घेतलेल्या पेटंटाशी जोडला जातो. हातात धरून वापरता येईल असे ड्रिल स्टटगार्टच्या फाइन या कंपनीने १८९५ मध्ये तयार केले, तर पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबायचा खटका असलेल्या रचनेचे पेटंट बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ मध्ये मिळाले. आजच्या कॉर्डलेस ड्रिलची ठेवण याच रचनेवरून आली आहे.

बॅटरीवरील हत्यारांच्या उगमाबद्दल मात्र मतभेद आढळतात. अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेने ती चांद्रमोहिमांसाठी शोधून काढली, हा समज लोकप्रिय लेखनात वारंवार येतो. उपलब्ध कालक्रम त्याला आधार देत नाही. ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियम सेलवर चालणारे ड्रिल १९६१ मध्ये बाजारात आणले होते. ‘नासा’शी या कंपनीचा संबंध त्यानंतरचा असून तो मार्टिन मॅरिएटा या कंत्राटदार कंपनीमार्फत आला, जेमिनी कार्यक्रमासाठी वापरणाऱ्यावर उलट पीळ न येऊ देणारा पाना आणि अपोलो मोहिमांसाठी चंद्राच्या पृष्ठभागाखालील नमुने काढणारे ड्रिल ही त्या सहकार्याची फलिते होत. हे ड्रिल १९७१ मध्ये अपोलो-१५ मोहिमेत प्रथम वापरले गेले आणि त्याची बॅटरी चांदी-जस्त प्रकारची होती, म्हणजे रासायनिक दृष्ट्याही ती सुताराच्या बॅटरीची पूर्वज ठरत नाही. खुद्द ‘नासा’नेही या शोधाचे श्रेय आपले नसल्याचे स्पष्ट केले आहे. त्यामुळे १९६१ हे वर्ष प्रारंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जपानमध्ये माकिता कंपनीने १९६९ मध्ये पुनर्भारित ड्रिल आणले. परंतु तिचे निकेल-कॅडमियम बॅटरीचे, कारागिरांत रुजलेले ड्रिल १९७८ चे आहे.

निकेल-कॅडमियम सेलची मूळ कल्पना स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याची (१८९९). हा सेल दणकट असला, तरी त्याचे नाममात्र (नोंदीसाठी धरलेले सरासरी) व्होल्टेज केवळ १.२ असते. अर्धवट वापरून पुन्हा भारित केल्यास अशा बॅटरीला ‘सवय’ लागते आणि तिची क्षमता घटते, असे जुने कारागीर सांगत. काटेकोर अर्थाने हा स्मृतिपरिणाम तंतोतंत सारख्या आवर्तनांतच आढळतो. सुतारकामात दिसणारी घट बहुधा अतिभारणामुळे व उष्णतेमुळे होत असावी, हे मत अधिक ग्राह्य दिसते. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघात कॉर्डलेस हत्यारांसाठी या बॅटऱ्यांना असलेली सवलत २०१६ अखेर संपली. मधल्या काळातील निकेल-मेटल-हायड्राइड बॅटऱ्यांचे महत्त्व संक्रमणापुरतेच राहिले.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये व्यापारी स्वरूपात आणली आणि तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हत्यारांत ती प्रथम कोणी वापरली याविषयी कंपन्यांचे दावे वेगवेगळे आहेत. बॉशचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर २००३ चा आहे. मिलवॉकीची २८ व्होल्टची मालिका आणि माकिताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू बसवणारे हत्यार) २००५ चे आहेत. लाकूड कापण्याइतकी विद्युतधारा देणाऱ्या बॅटरीचा विचार करता सुतारकामापुरते २००५ हे वर्ष निर्णायक मानावे लागते. मोबाइल फोनमधील सेलांना इतकी धारा पेलत नसे. मँगनीज वा लोह-फॉस्फेटवर आधारित धनाग्र (धन ध्रुव) असलेले सेल आल्यावरच हे शक्य झाले.

व्होल्टेज : लिथियम-आयन सेलचे नाममात्र व्होल्टेज सुमारे ३.६ असून पूर्ण भारित अवस्थेत ते ४.१ ते ४.२ होते. असे पाच सेल एकसर (एकापुढे एक) जोडले की नाममात्र १८ व्होल्टची बॅटरी तयार होते आणि पूर्ण भारित असताना, भार नसेल तेव्हा, ती सुमारे २० ते २१ व्होल्ट दाखवते. एकच बॅटरी युरोपात ‘१८ व्होल्ट’ आणि अमेरिकेत ‘२० व्होल्ट कमाल’ या नावांनी विकली जाते, त्याचे कारण एवढेच आहे. त्याचप्रमाणे १०.८ व ‘१२ कमाल’ ही तीन सेलांची, तर ३६ व ‘४० कमाल’ ही दहा सेलांची बॅटरी होय. भारतीय बाजारात ४८, ८८, १२८ अशा आकड्यांपुढे ‘व्हीएफ’ ही अक्षरे छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर मिळतात. त्यांतील बहुतेकांत एकसर जोडलेले सेल पाचच असतात, त्यामुळे या आकड्यांना विद्युतशास्त्रीय अर्थ नाही. ग्राहकाची फसगत सर्वाधिक येथे होते, म्हणून खोक्यावरील आकडा न पाहता बॅटरीच्या पट्टीवर बारीक अक्षरांत दिलेले नाममात्र व्होल्टेज व वॉट-तास वाचावेत.

क्षमता व विद्युतधारा : व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास, १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॉट-तास ऊर्जा असते. अँपिअर-तास वाढले की बॅटरी केवळ अधिक वेळ चालते, हा समज अपुरा आहे. ४ ते ६ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सहसा पाच सेलांच्या दोन ओळी समांतर जोडलेल्या असतात आणि त्यामुळे अंतर्गत रोध (बॅटरीतच धारेला होणारा अडथळा) जवळजवळ निम्मा होतो. उदाहरणार्थ, प्रत्येक सेलचा रोध २० मिलिओहम धरल्यास एका ओळीच्या बॅटरीचा रोध १०० मिलिओहम होतो; २५ अँपिअर धारा घेताना तिचे अडीच व्होल्ट आतच खर्च होतात आणि सुमारे ६२ वॉट उष्णता बॅटरीतच निर्माण होते. दोन ओळी असल्यास हे दोन्ही आकडे निम्म्यावर येतात. तेच सर्क्युलर सॉ (गोल पात्याचे करवतयंत्र) लहान बॅटरीवर सागवानात अडखळते आणि मोठ्या बॅटरीवर सहज चालते, याचे कारण हे आहे. सेलचा आकारही येथे महत्त्वाचा ठरतो. १८ मिमी. व्यास व ६५ मिमी. लांबीचा ‘१८६५०’ आणि २१ मिमी. व्यास व ७० मिमी. लांबीचा ‘२१७००’ हे दोन प्रकार रूढ असून दुसरा अधिक धारा देतो. अलीकडच्या चपट्या पाकीट-सेलांचा आणि पूर्ण कडेने जोडणी असलेल्या सेलांचा उद्देशही अंतर्गत रोध कमी करणे हाच आहे.

मोटर व टॉर्क : जुन्या मोटरीत कार्बन (ब्रश) झिजतात व ठिणग्या उडतात. ब्रशलेस मोटरीत ध्रुवबदल इलेक्ट्रॉनिक मंडलाने होत असल्याने हा अपव्यय टळतो आणि त्याच बॅटरीवर अधिक काम होते; रोज वापरायच्या हत्यारात हा जादा खर्च वसूल होतो. माहितीपत्रकात टॉर्कचे (फिरवण्याच्या जोराचे) ‘हार्ड’ व ‘सॉफ्ट’ असे दोन आकडे दिलेले असतील, तर सुताराने दुसरा पाहावा. पहिला आकडा धातूवर एकदम आवळल्या जाणाऱ्या जोडाचा असतो, तर लाकडात स्क्रू हळूहळू घट्ट होत जातो.

हत्यारांची निवड : घरगुती फर्निचर, किचन ट्रॉली आणि बिजागऱ्या यांच्या कामासाठी १२ व्होल्ट वर्गातील ड्रिल पुरेसे व हाताला हलके असते, चौकटी, दरवाजे आणि लांब स्क्रू यांसाठी १८ व्होल्ट वर्ग योग्य. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरवण्याच्या दिशेने ठोके देत असल्याने मनगटावर पीळ येत नाही, परंतु पितळी स्क्रू आणि एमडीएफच्या (लाकडी तंतूंच्या दाबीव फळीच्या) कडा यांसाठी क्लच (ठरावीक जोरानंतर फिरणे थांबवणारी सोय) असलेले ड्रिलच वापरावे. कपाट काँक्रीटच्या भिंतीला वा तुळईला बसवायचे असल्यास हॅमर ड्रिलवर विसंबू नये. त्यासाठी रोटरी हॅमर (जोरदार ठोके देत भोक पाडणारे यंत्र) लागतो.

प्लायवूड कापण्यासाठी फरशीचा चार इंची कटर लाकडाचे पाते लावून वापरण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्रास दिसते. त्या यंत्राचा वेग फरशीच्या पात्याला धरून ठरवलेला असतो आणि पात्याच्या खालच्या बाजूला आपोआप मिटणारे संरक्षक कवच नसते. कॉर्डलेस सर्क्युलर सॉला (पात्याचा सामान्य व्यास १६५ मिमी.) असे कवच असते आणि बहुतेक नव्या यंत्रांत ब्रेकही असतो. हाताच्या बोटांवर उपजीविका असणाऱ्याने हा फरक किमतीपेक्षा मोठा मानला पाहिजे.

सतत भार घेणाऱ्या यंत्रांबाबत मात्र बॅटरीची मर्यादा लवकर जाणवते. २५० वॉट घेणारे सँडर (घासण्याचे यंत्र) ९० वॉट-तासांच्या बॅटरीवर हिशेबाने २१ मिनिटे चालते, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणून कार्यशाळेत सँडर, मोठा रंधा व धूळ ओढणारे यंत्र वायरचे आणि साइटवर ड्रिल, ड्रायव्हर, जिगसॉ (वळणदार कापणारी करवत) व ट्रिमर (कडा व खाचा काढणारे यंत्र) बॅटरीचे, अशी विभागणी हितकारक होय. जेथे भारनियमन आहे किंवा इमारतीत अजून मीटर बसलेला नाही, तेथे अर्थातच हा हिशेब बदलतो.

प्रणालीची निवड : कोणत्या कंपनीची हत्यारे सरस, यापेक्षा आपल्याला पुढे लागणारी सर्व हत्यारे त्या प्रणालीत आहेत का, तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्ती केंद्र आहे का आणि बॅटरी सुटी मिळते का, हे प्रश्न आधी विचारावेत. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यातील बोहरी आळी येथे हत्यार हाती घेऊन पाहता येते. ‘बेअर टूल’ म्हणजे बॅटरीविना विकले जाणारे हत्यार पुढील खरेदीत स्वस्त पडते. अनेक कंपन्यांनी एकच बॅटरी स्वीकारावी असे प्रयत्न झाले आहेत. मेटाबो या जर्मन कंपनीच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सुरू झालेली संयुक्त प्रणाली त्यांपैकी एक. तथापि, मोठ्या स्पर्धकांत अद्याप एकी नाही. दोन प्रणाली जोडणारे अॅडॉप्टर मिळतात, पण काही कंपन्या कमी व्होल्टेजला खंडित होण्याची सोय बॅटरीत, तर काही हत्यारात ठेवतात. अॅडॉप्टरमुळे ही सोय निष्फळ होऊन सेल कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.

नकली बॅटऱ्या : मूळ बॅटरीत तापमान मोजणारा घटक असतो आणि सेलांवर लक्ष ठेवणारे मंडल असते, नकली बॅटरीत ते वगळलेले किंवा नावापुरते असते. वजन ही एक साधी कसोटी आहे. ‘१८६५०’ सेलचे वजन सुमारे ४५ ते ४८ ग्रॅम असल्याने दहा सेलच ४५० ग्रॅमच्या वर जातात. ‘५ अँपिअर-तास’ छापलेली, त्याच सेलांची बॅटरी कवचासह ४०० ग्रॅम भरत असेल, तर छापील दावा खोटा समजावा. भारतात वहनीय उपकरणांच्या सीलबंद सेलांसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. पट्टीवर तो क्रमांक पाहावा.

भारण व निगा : चार्जरच्या अँपिअरवर भारणाचा वेळ ठरतो. २ अँपिअरच्या चार्जरवर ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो, तर ९ अँपिअरच्या चार्जरवर सुमारे पाऊण तास. एकट्या कारागिराला दोन बॅटऱ्या व एक जलद चार्जर सामान्यतः पुरतो. ०° से. खाली लिथियम-आयन बॅटरी भारित करू नये. महाराष्ट्रात प्रश्न उलट आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५° से. च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये वा बंद गाडीत ठेवलेल्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. कामावरून काढलेली गरम बॅटरी थंड होईपर्यंत चार्जर ती भारित करत नाही, हा चार्जरचा दोष नव्हे. दीर्घकाळ ठेवायची बॅटरी सुमारे निम्मी भारित करून सावलीत ठेवावी. कोकणात खाऱ्या हवेने टर्मिनलवर गंज चढतो, तो कोरड्या कापडाने वेळोवेळी पुसावा. विमानप्रवासात १०० वॉट-तासांपर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या केबिनमधील सामानातच न्याव्या लागतात.

विल्हेवाट : ऑगस्ट २०२२ मध्ये भारतात लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या उत्पादकाच्या विस्तारित (वापरानंतरच्या विल्हेवाटीच्याही) जबाबदारीखाली आणल्या, २००१ चे आधीचे नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. निकामी लिथियम-आयन बॅटरी भंगारात वा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता टर्मिनलवर चिकटपट्टी लावून संकलन केंद्राकडे किंवा विक्रेत्याकडे द्यावी.