गुडघेबदलानंतरचं समाधान: रुग्णालाच विचारायला किती वर्षं लागली

गुडघ्याच्या वाट्या बदलून घरी आलेल्या माणसाला भेटायला जाणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘आता बरं वाटतंय ना?’ वैद्यकशास्त्राने हा साधा प्रश्न पद्धतशीरपणे विचारायला मात्र फार वर्षं घेतली.

त्याला कारणही होतं. सुरुवातीचा सगळा झगडा पाय टिकवण्याचा होता. १८९०मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. जंतुसंसर्गापुढे ती टिकली नाही. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये वाल्डियस आणि इंग्लंडमध्ये शियर्स यांनी पुन्हा बिजागरीचाच मार्ग धरला, पण गुडघा दारासारखा नुसता उघडत-मिटत नाही. वाकताना तो थोडा फिरतो आणि थोडा घसरतोही. बिजागरीने ही हालचाल अडवली की सगळा ताण हाडावर यायचा आणि कृत्रिम सांधा सैल व्हायचा. १९६८मध्ये फ्रँक गन्स्टन यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे बिजागरीविना सांधा बसवला, आणि १९७४पासून न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांचा ‘टोटल कंडायलर’ गुडघा वापरात आला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच वंशातले. यातले राणावत इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले. पुढे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० आणि २००१मध्ये शस्त्रक्रिया झाल्या, त्या त्यांनीच केल्या. गुडघे बदलता येतात, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोचवण्यात त्या बातम्यांचा वाटा मोठा आहे.

सांधा टिकू लागल्यावर यश मोजण्याची पट्टी ठरली ती त्याच्या टिकाऊपणाची. स्वीडनने १९७५मध्ये गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणता सांधा किती वर्षांनी पुन्हा उघडावा लागला, हे त्यातून कळायचं. ही माहिती अनमोल होती आणि वाईट सांधे त्यामुळे वापरातून गेले. पण या हिशेबात एक मोठी फट राहिली. रोज दुखत असूनही ज्या आजींनी दुसरं ऑपरेशन नको म्हटलं, त्यांचा गुडघा नोंदवहीत ‘टिकलेला’ म्हणूनच राहिला.

नोंदवहीशिवाय गुडघ्याला गुण देण्याच्या पद्धतीही होत्या. गुडघ्याच्या शल्यविशारदांच्या ‘नी सोसायटी’ या अमेरिकी संघटनेच्या १९८९च्या ‘नी सोसायटी स्कोअर’मध्ये वेदनेला ५०, वाकण्याला २५ आणि स्थैर्याला २५ असे गुण होते. चालणं आणि जिना यांचे १०० गुण वेगळे. पण हे गुण भरायचे डॉक्टरांनी. ज्याने ऑपरेशन केलं त्यानेच उत्तरपत्रिका तपासायची, आणि समोर बसलेला रुग्ण भिडेपोटी ‘बरं आहे, डॉक्टर’ म्हणणार, हे आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगायला नको.

गंमत म्हणजे रुग्णांच्या समाधानाच्या पहिल्या मोठ्या आकड्यांपैकी एक जोडकाम म्हणून हाती आला. स्वीडिश नोंदवहीची पडताळणी करताना हयात रुग्णांना पत्रं पाठवली होती. पुन्हा ऑपरेशन झालं का, एवढंच विचारायचं होतं. त्यातच समाधानाविषयी चार पर्यायांचा एक प्रश्न घातला. त्याचं उत्तर ९५ टक्के लोकांनी दिलं. १९८१ ते १९९५ या काळातल्या शस्त्रक्रियांचे ते निष्कर्ष २०००मध्ये प्रसिद्ध झाले: ८ टक्के असमाधानी. मला त्यातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. ऑपरेशन कोणत्या वर्षी झालं, याने समाधानाच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. त्या पंधरा वर्षांत सांधे सुधारत गेले, समाधान मात्र होतं तिथेच राहिलं.

दरम्यान १९९८मध्ये ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ आला. यात बारा प्रश्न होते आणि ते रुग्णाने स्वतःच भरायचे: रात्री दुखतं का, खरेदी एकट्याने जमते का, गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का. इंग्लंड-वेल्सच्या नोंदणीतल्या रुग्णांचा २००७चा अभ्यास सांगतो की ८१.८ टक्के समाधानी, ११.२ टक्के साशंक आणि ७ टक्के असमाधानी होते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या २०१०च्या अभ्यासात १७०३ गुडघ्यांपैकी १९ टक्क्यांच्या बाबतीत रुग्ण समाधानी नव्हते. ‘पाचातला एक नाराज’ हे वाक्य जगभर फिरतं, त्यामागे असे आकडे आहेत. साशंकांना कोणत्या बाजूला धरायचं यावर तो आकडा बदलतो, हे मात्र ते वाक्य सांगत नाही. ऑन्टॅरिओत असमाधानाशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते अपुऱ्या राहिलेल्या अपेक्षांचं. अपेक्षा पूर्ण न झालेल्यांमध्ये असमाधानाचा धोका दहापटीहून जास्त होता.

आता अपेक्षा म्हटलं की आपला गुडघा वेगळा पडतो. १९८९च्या त्या गुणपद्धतीत दर ५ अंशांना १ गुण होता, म्हणजे १२५ अंशांना पैकीच्या पैकी. त्यापुढे वाकणाऱ्या गुडघ्याला एकही गुण जास्त नाही. खुर्ची, जिना, कमोड यांना तेवढं पुरतं. उकिडवं बसायला, पाटावर मांडी घालायला, शेतात खुरपायला त्याहून जास्त वाकावं लागतं. ऑपरेशननंतर गुडघा बहुधा ११०-१२० अंशांपर्यंत येतो, आणि आधी किती वाकत होता त्यावर पुष्कळसं अवलंबून असतं. वेदना गेली तरी पूजेला खाली बसता न येणाऱ्या बाईंना कागदावर उत्तम गुण मिळतात. त्यांची हुरहुर त्या कागदावर कुठेच उमटत नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा सांधा ५४,७२० रुपये अधिक करावर आला आणि अनेक घरांना ऑपरेशनचा विचार करणं शक्य झालं. ते आवश्यकच होतं. पण किमतीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी ऑपरेशननंतर काय जमेल आणि काय नाही यावर झाली नाही.

नी सोसायटीने पुढे आपली गुणपद्धत नव्याने बांधली, तेव्हा समाधान आणि अपेक्षा हे दोन भाग रुग्णाच्या तोंडून घ्यायचे ठरले, आणि अपेक्षांचा भाग ऑपरेशनच्या आधीही भरून घ्यायचा. ‘तुम्हाला नंतर काय करता यायला हवं?’ याला आपल्याकडचं उत्तर ‘नातवाच्या मुंजीत पंगतीला बसायचंय’ असंही असू शकतं. ते भरतीच्या आदल्या रात्री घाईत विचारण्यापेक्षा तारीख ठरवण्याआधीच्या भेटीत, घरच्यांसमोर, क्ष-किरण फोटो टेबलावर असतानाच बोललं गेलं पाहिजे.