तापला म्हणजे निघाला असं नाही: शीतन प्रवाह आणि दीर्घिका-वारा

लंबवर्तुळाकार दीर्घिकेत कोटभर केल्व्हिनचा वायू क्ष-किरणांत चमकताना दिसला की तो वारा होऊन बाहेर पडतोय, असं पटकन समजलं जातं. बहुतेक वेळा खरं उलटंच असतं: वायू आत सरकत असतो.

बाहेर जाणारा वारा आणि आत सरकणारा शीतन प्रवाह, दोन्हींचा कच्चा माल एकच. म्हातारे तांबडे राक्षसी तारे आपली बाहेरची आवरणं सेकंदाला १०-२० किमी अशा संथ वेगाने टाकतात. सूर्याच्या १०० अब्ज पट तेजस्वी दीर्घिकेत यातून वर्षाला साधारण एका सूर्याएवढा वायू जमतो. पण तारे स्वतः सेकंदाला शेकडो किमी वेगाने, वाटेल त्या दिशांना धावत असतात. त्यांनी सोडलेला वायू भोवतालच्या वायूवर आदळतो, गतीची उष्णता होते आणि मोठ्या दीर्घिकेत तापमान ६०-७० लाख केल्व्हिनवर जातं. त्यात सुपरनोव्हांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांच्या, उष्णतेची भर पडते.

ही उष्णता वायूला गुरुत्वाच्या खड्ड्यातून वर काढायला पुरली, तर वारा सुटतो. बाहेर जाता जाता तो ध्वनिवेग ओलांडतो. कोटभर केल्व्हिनला हा वेग सेकंदाला सुमारे ४८० किमी भरतो. उष्णता पुरली नाही, तर शीतन प्रवाह: क्ष-किरणांवाटे ऊर्जा जाते, आतला आधार ढिला पडतो, वरचा वायू ध्वनिवेगापेक्षा खूप सावकाश आत सरकतो. ‘शीतन’ शब्दाने मात्र फसायला होतं. आत सरकताना वायू दाबला जातो, म्हणून बराच काळ तो गरमच राहतो. खरा गारवा गाभ्याजवळच.

म्हणून नुसत्या तापमानावर निकाल देऊ नये. घनता बघावी. क्ष-किरणांची चमक घनतेच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि वाऱ्यात वायू विरळ होतो, त्यामुळे वारा सुटलेली दीर्घिका मंद दिसते. ताऱ्यांचा प्रकाश सारखा असूनही दोन दीर्घिकांच्या क्ष-किरण तेजात १०० पट फरक पडू शकतो. मंद दीर्घिकेत आधी न्यूट्रॉन तारा आणि साधा तारा अशा जोड्यांचे क्ष-किरण वजा करावे लागतात, नाहीतर तेच वायूचे म्हणून मोजले जातात. चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीची तीक्ष्ण नजर इथे कामी येते.

कित्येकदा दोन्ही एकत्र नांदतात: आत ओघ, बाहेर वारा, मध्ये वेग शून्य असलेली सीमा.

एम ८७ या महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या गरम वायूतल्या पोकळ्या हे तिसरंच प्रकरण. कृष्णविवराचे झोत वायू बाजूला सारतात, तापवतात आणि शीतन रोखतात. तरी वायूचा मोठा साठा दीर्घिकेतच राहतो.