मदरबोर्डवरील जंपर, कनेक्टर आणि एक्स्पान्शन कार्ड

डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डावर, उभ्या असलेल्या दोन पिना एकमेकींशी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या टोपीला जंपर म्हणतात. टोपीच्या आत धातूची पट्टी असते. टोपी बसवली की दोन पिनांमधून वीज वाहते, काढली की मार्ग तुटतो. तीन पिना असतील तर टोपी १-२ वर आहे की २-३ वर, यावरून बोर्डाला काय करायचे ते कळते.

१९९०च्या दशकात प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज जंपरनेच ठरवावे लागे. व्होल्टेज चुकले तर प्रोसेसर जळण्याचा धोका होता. आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डांनाही आयआरक्यू क्रमांक, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठीच्या मार्गाचा क्रमांक, हाताने द्यावा लागे. साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड यांना एकच क्रमांक पडला की दोघांचे जमत नसे, आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात तासन्‌तास जात. १९९२ मध्ये आलेला पीसीआय हा नवा स्लॉट आणि त्यामागोमाग रुळलेली प्लग अँड प्ले (कार्ड लावले की आपोआप ओळखले जाण्याची) पद्धत यांनी क्रमांकांची ही वाटणी बायॉस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) व ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवली. एकाच केबलवरच्या दोन हार्ड डिस्कांपैकी पहिली कोणती आणि दुसरी कोणती हे ठरवणारा मास्टर-स्लेव्ह जंपर मात्र साटा ही डिस्क जोडण्याची नवी पद्धत येईपर्यंत टिकला. साटामध्ये प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल असल्याने त्याची गरजच उरली नाही.

आजच्या बोर्डांवर नेहमी भेटणारा जंपर म्हणजे 'क्लिअर सीमॉस' : बायॉसच्या साठवलेल्या सेटिंग पुसून मूळ स्थितीवर आणणारा. तो टिकून राहण्याचे कारण साधे आहे : रॅमचा वेग चुकीचा ठरवल्याने संगणक सुरूच होत नसेल, तर ती सेटिंग बदलायला पडद्यापर्यंत पोहोचणार कसे? अशा वेळी वीजपुरवठ्याची केबल काढून टोपी काही सेकंद दुसऱ्या जोडीवर ठेवतात, मग परत जागेवर आणतात. काही बोर्डांवर दोनच पिना असतात. त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या जातात.

कनेक्टरांचा आकार बहुधा चुकू देत नाही. २४ पिनांचा मुख्य पॉवर कनेक्टर किंवा साटाचा 'एल' आकाराच्या खाचेचा कनेक्टर उलटा बसत नाही. प्रोसेसरचा आठ पिनांचा पॉवर कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर मात्र दिसायला सारखे असतात, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड (वीज परत जाण्याची तार) यांच्या बाजू त्यांत उलट आहेत. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, हे येथे अक्षरशः पाळावे. खरी कसोटी कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलच्या बारीक तारांची. पॉवर आणि रीसेट बटणांच्या तारा उलट्या लावल्या तरी चालतात. एलईडीच्या उलट्या लागल्या तर दिवा लागत नाही, इतकेच. कोणती तार कोणत्या पिनेवर, हे मॅन्युअलमधील आकृतीवरूनच पाहावे.

एक्स्पान्शन कार्ड म्हणजे बोर्डात नसलेली किंवा अपुरी पडणारी सोय स्लॉटमध्ये बसवून मिळवणे : ग्राफिक्स, नेटवर्क, जादा यूएसबी पोर्ट. आता बहुतेक कार्डे पीसीआयच्या पुढच्या पिढीची, पीसीआय एक्स्प्रेसची असतात. या पद्धतीत डेटा 'लेन'मधून, म्हणजे स्वतंत्र मार्गांतून, जातो; एक्स१ मध्ये एक, एक्स१६ मध्ये १६. छोटे कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये चालते. एक्स१६ स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, म्हणूनच मोठ्या कार्डांना वेगळी पॉवर केबल लागते. खरेदीच्या वेळी एक गोष्ट हमखास निसटते : स्लॉट एक्स१६च्या लांबीचा असला तरी आत चारच लेन जोडलेल्या असू शकतात. कार्ड चालते, पण वेग त्या चार लेनपुरताच मिळतो.