खुर्चीखालची दोन नावं : डॅनिश फर्निचरच्या ओळखीमागचा इतिहास

जुनी डॅनिश खुर्ची समोर आली की पहिला प्रश्न असतो, ही कोणाची? उत्तरात दोन नावं लागतात. एक, ती कागदावर आखणाऱ्या डिझायनरचं. दुसरं, ती प्रत्यक्ष घडवणाऱ्या कारागिराचं किंवा कारखान्याचं. बाजारात पहिल्या नावाचा गाजावाजा होतो आणि दुसरं मागे पडतं. माझ्या मते ओळख पटवायची तर सुरुवात दुसऱ्यापासून करावी, कारण लाकडावर खुणा उमटतात त्या घडवणाऱ्याच्या.

नावांची ही जोडी कोपनहेगनमध्ये जमली. १९२४ साली तिथल्या रॉयल अकादमीत कारे क्लिंट यांनी फर्निचर शिकवायला सुरुवात केली. जुन्या उत्तम खुर्च्यांची मापं घ्यायची, माणसाच्या शरीराची मापं घ्यायची आणि मग आखणी करायची, अशी त्यांची शिस्त होती. इकडे कारखान्यांतल्या स्वस्त मालापुढे शहरातल्या उस्ताद सुतारांचा धंदा बसत चालला होता. म्हणून त्यांच्या संघाने १९२७ पासून दरवर्षी प्रदर्शन भरवलं, पुढे त्याला डिझाइन स्पर्धेची जोड दिली. तरुण वास्तुविशारदाने आखायचं, मुरलेल्या सुताराने घडवायचं, अशा जोड्या जमत गेल्या. हे प्रदर्शन १९६६ पर्यंत चाललं.

त्यातली फिन यूल आणि निल्स वॉडर ही जोडी मला सगळ्यात विलक्षण वाटते. यूल वास्तुविशारद होते, सुतारकाम शिकलेले नव्हते. लाकडाला सहज जमणार नाहीत अशी वळणं ते आखत आणि वॉडर ती उभी करत. १९३७ मध्ये सुरू झालेली ही साथ १९५९ पर्यंत टिकली. वॉडर यांचा लाकडात डागलेला शिक्का दिसला आणि त्यात यूल यांचंही नाव असलं, तर ओळखीचं निम्मं काम झालं. पण यूल यांच्या खुर्च्या फ्रान्स अँड सन या डॅनिश कारखान्यानेही काढल्या, अमेरिकेत बेकर कंपनीनेही काढल्या. फक्त ‘यूलची खुर्ची’ म्हटल्याने फारसं काही कळत नाही.

हान्स वेग्नर यांचं उलट. ते स्वतः सुतारकाम शिकून आलेले. त्यांची १९४९ ची गोल पाठीची खुर्ची योहानेस हान्सन यांच्या कार्यशाळेत घडली. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या टीव्हीवरच्या वादसभेत ती दिसली आणि तिचं नाव जगभर झालं. अगदी सुरुवातीच्या खुर्च्यांत पाठीच्या तुकड्यांचे सांधे वेताखाली झाकलेले असत. नंतर वेग्नर यांनी दातेरी सांधा करून तो उघडाच ठेवला. त्यामुळे पाठीवरची वेताची गुंडाळण काळाचा अंदाज देते. मॉडेलच्या क्रमांकाआधी योहानेस हान्सन यांची आद्याक्षरं येतात : वेताच्या बैठकीची खुर्ची जेएच ५०१, चामड्याची जेएच ५०३. हान्सन यांची कार्यशाळा बंद पडल्यावर हीच खुर्ची पीपी मोबलर करू लागली आणि अक्षरं पीपी झाली.

ही अक्षरं नीट वाचायला हवीत. १९५१ मध्ये वेग्नर यांचा माल विकण्यासाठी पाच कारखान्यांनी सालेस्को नावाची एकत्र विक्रीसंस्था काढली आणि कामं वाटून घेतली. कार्ल हान्सनकडे जेवणाच्या टेबलाच्या व इतर हलक्या खुर्च्या, एपी स्टोलनकडे गाद्यांच्या खुर्च्या, गेटामाकडे सोफे, आंद्रेआस टुककडे टेबलं, री मोबलरकडे कपाटं. म्हणून मॉडेलांच्या क्रमांकांआधी सीएच, एपी, जीई, एटी, आरवाय ही अक्षरं येतात. सीएच २४, म्हणजे वाय आकाराच्या पाठीची प्रसिद्ध खुर्ची, १९५० पासून आजतागायत बनते आहे. तिच्या बाबतीत डिझायनर क्षणात कळतो, पण वय सांगायला लाकडाचा रंग, बैठकीची कागदी दोरीची वीण आणि शिक्क्याचा प्रकार पाहावा लागतो.

निर्यात वाढली तशी तिसरी नावं आली. फ्रान्स अँड डावरकोसन या कारखान्याने सागाचं फर्निचर सुट्या भागांत परदेशी पाठवायला सुरुवात केली. १९५७ मध्ये त्याचं नाव फ्रान्स अँड सन झालं, पुढे पॉल काडोव्हियस यांच्याकडे गेल्यावर काडो. पाट्यांवरची ही तीन नावं काळाचे तीन टप्पे सांगतात. न्यूयॉर्कच्या जॉन स्टुअर्टची चकती किंवा सेलिगचा गोल बिल्ला मात्र आयातदाराचा असतो. तोच कर्त्याचा समजून चुकीची नावं चिकटतात, आणि एकदा चिकटली की विक्रेत्यांच्या याद्यांतून फिरत राहतात.

पुष्कळ खुर्च्यांवर तर काहीच नसतं, कारण कागदी पाट्या गळून जातात. ‘डॅनिश कंट्रोल’चा लाल-काळा शिक्का असला तरी तो दर्जाचा दाखला आहे, कर्त्याची सही नव्हे. अशा वेळी सांधे, स्क्रूंच्या जागा, पायांचा निमुळतेपणा आणि मापं जुन्या कॅटलॉगांशी ताडून बघावी लागतात. कोपनहेगनच्या डिझाइन संग्रहालयाने डॅनिश फर्निचरची सूची खुली केल्यामुळे हे काम बरंच सुकर झालं आहे. लाकूडही बोलतं. ब्राझिलियन रोजवूड, म्हणजे आपल्या शिसवाच्याच कुळातलं झाड, १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कडक बंदीखाली आहे. त्या लाकडाची खुर्ची बहुधा त्याआधीची असते, आणि देशाबाहेर पाठवायची तर कागदपत्रं लागतात.

नकला तेव्हाही होत्या. आर्ने जेकबसन यांची १९५५ ची प्लायवुडची खुर्ची फ्रिट्झ हान्सनची. १९६३ मध्ये ब्रिटिश मॉडेल क्रिस्टीन कीलर यांचं गाजलेलं छायाचित्र ज्या खुर्चीवर काढलं गेलं, ती मात्र नक्कल होती. तिच्या पाठीत हात घालून उचलण्यासाठी कापलेलं भोक आहे, मूळ खुर्चीत ते नाही. ती खुर्ची आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.