फायरफॉक्सची मेमरी नेमकी कोण खात होतं?

मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४ आला आणि तक्रारींना ऊत आला. चार टॅब उघडून जेवायला जावं, तर परत येईपर्यंत ब्राउझर फुगलेला. टॅब बंद केले तरी मेमरीचा आकडा खाली यायचं नाव घेत नाही. ‘फायरफॉक्स मेमरी खातो’ हे वाक्य तोवर इतकं रुळलं होतं की त्याचा पुरावा कोणी मागत नसे. त्या जूनमध्ये हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने ‘मेमश्रिंक’ नावाची मोहीम काढली आणि तिची सूत्रं निकोलस नेदरकोट यांच्याकडे गेली. निवड अचूक होती. केंब्रिजमध्ये पीएचडी करताना त्यांनी ज्युलियन सेवर्ड यांच्या ‘व्हॅलग्राइंड’वर बरंच काम केलं होतं. चालत्या प्रोग्रामच्या मेमरीचं पोस्टमॉर्टम करणारं हे अवजार आजही सी आणि सी++ वाल्यांच्या हाताशी असतं.

पण प्रोग्राम किती मेमरी खातो, हे आधी कळायला तर हवं. टास्क मॅनेजर उघडला, आकडा वाचला, झालं, असं आपल्याला वाटतं. लिनक्सवर ‘टॉप’ ही आज्ञा देऊन पाहा. एकाच प्रोग्रामपुढे निदान दोन आकडे तरी मेमरीचेच दिसतात. एक आभासी मेमरीचा, दुसरा प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेल्या मेमरीचा. पहिला दुसऱ्याच्या दहापट असला तरी त्यात नवल नाही.

याचं कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वभावात आहे. प्रोग्रामने एक गिगाबाइट मागितली की लिनक्स बहुधा लगेच ‘दिली’ म्हणतो, पण हातात देतो ते फक्त पत्ते. त्या पत्त्यावर प्रोग्राम पहिल्यांदा काही लिहायला जातो, तेव्हा कुठे रॅमचं एक पान त्याच्या नावे होतं. बहुतेक संगणकांवर हे पान ४,०९६ बाइटचं असतं. लग्नाच्या पत्रिका पाचशे वाटल्या तरी आचाऱ्याला तीनशे पानांचीच ऑर्डर देतात, त्यातला हा प्रकार. सहसा निभावतं. पाचशेच्या पाचशे आलेच, तर लिनक्सकडचा उपाय मात्र आपल्या लग्नांत चालणार नाही: सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेल्या पाहुण्याला तो सरळ पंगतीतून उठवतो, म्हणजे तो प्रोग्रामच मारून टाकतो.

प्रत्यक्ष रॅमचा आकडाही पूर्ण भरवशाचा नाही. अक्षरं रंगवणं, चित्रं उलगडणं, नेटवर्कशी बोलणं यासाठीच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, रॅममध्ये एकदाच असतात आणि अनेक प्रोग्राम त्या वाटून वापरतात. प्रत्येकाच्या खात्यात मात्र त्या पूर्ण धरल्या जातात. सगळ्या प्रोग्रामांच्या आकड्यांची बेरीज केली, तर कधीकधी ती यंत्रातल्या रॅमपेक्षा जास्त भरते. म्हणून लिनक्समध्ये वाटून वापरलेल्या पानांची वाटेकऱ्यांत समान विभागणी करणारा आणखी एक हिशेबही आहे. तो जास्त खरा आहे, पण काढायला वेळ लागतो आणि फारसं कोणी तो पाहत नाही.

शिवाय या आकड्यांवरून ‘किती’ एवढंच कळतं. ‘कोणी’ आणि ‘कशासाठी’ हे कळायला प्रोफायलर लागतो. त्याची युक्ती तशी साधी आहे. सी भाषेतला प्रोग्राम मेमरी मागतो ती ‘मॅलॉक’ या फंक्शनकडे आणि परत करतो ‘फ्री’कडे. प्रोफायलर या दोन दारांवर जाऊन बसतो. प्रत्येक मागणीला किती बाइट मागितले हे लिहून घेतो आणि त्याबरोबर मागणी कोणत्या वाटेने आली तेही: मुख्य फंक्शनने वेबपान उघडणाऱ्या फंक्शनला हाक मारली, त्याने चित्र उलगडणाऱ्याला, आणि त्याने मागितले ३० लाख बाइट. या साखळीला कॉल स्टॅक म्हणतात. अशा लाखो साखळ्यांची बेरीज केली की मेमरीचा झाडासारखा नकाशा तयार होतो आणि कोणती फांदी जाड झालीय ते दिसतं. व्हॅलग्राइंडसोबत येणारा ‘मॅसिफ’ हेच करतो. मेमरीचा वापर सर्वाधिक होता त्या क्षणाचं झाडही तो जपून ठेवतो. ते महत्त्वाचं, कारण प्रोग्राम कोसळतो तो सरासरीमुळे नव्हे, कमाल वापरामुळे.

एवढी बारीक पाळत फुकट होत नाही. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्राम वीसपट हळू चालला तरी त्याला कोणी बिघाड म्हणत नाही. रोजच्या वापरात हे परवडणं शक्य नाही. म्हणून दुसरी पद्धत नमुन्याची. ‘जेमॅलॉक’ नावाचा मेमरीवाटप करणारा कोड (फायरफॉक्स त्याचीच आवृत्ती वापरत आला आहे) प्रत्येक मागणीची नोंद न करता सरासरी दर ५१२ किलोबाइट वाटपामागे एकदाच थांबून साखळी टिपू शकतो. लहानसहान वाटप यातून निसटतं, पण मोठे खादाड सापडतात, आणि पुष्कळदा तेवढंच पुरतं.

आता पुन्हा फायरफॉक्सकडे. मेमश्रिंकवाल्यांनी ब्राउझरच्या आतच एक हिशेबाचं पान नीट उभं केलं. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत अबाउट, कोलन आणि मेमरी असं लिहिलं की आजही ते उघडतं. मोजण्याचं बटण दाबा, की कोणत्या संकेतस्थळाच्या जावास्क्रिप्टने किती, चित्रांनी किती, इतिहास-बुकमार्कच्या डेटाबेसने किती खाल्लं याचं लांबलचक झाड समोर येतं. माझ्या मते हे पान म्हणजे त्या मोहिमेची सगळ्यात मोठी कमाई. तोवर वाद तर्काने चालायचे. आता तक्रार करणाऱ्याला आपल्या यंत्रावरचे आकडे पाठवा म्हणता येऊ लागलं.

त्या आकड्यांतून जे निघालं त्यातलं एक प्रकरण मला फार आवडतं, कारण त्यात कुठलाही ढोबळ दोष नव्हता. मेमरीवाटप करणारा कोड नेमके मागितले तेवढेच बाइट दर वेळी देत नाही. त्याच्याकडे ठरावीक मापं असतात आणि तो मागणी वरच्या मापाला नेतो. फायरफॉक्समधल्या तेव्हाच्या जेमॅलॉकमध्ये १,०२४ नंतरचं माप होतं २,०४८. प्रोग्रामर हुशार, त्याला हे माहीत असतं, म्हणून तो मुद्दाम गोल १,०२४ बाइटचे तुकडे मागायचं ठरवतो. मग त्या तुकड्याचा आकार लक्षात ठेवायला म्हणून त्याचाच कोड पुढे ८ बाइटची नोंद चिकटवतो. मागणी झाली १,०३२ बाइटची आणि मिळाले २,०४८. म्हणजे ८ बाइटपायी १,०१६ बाइट वाया, आणि तेही प्रत्येक तुकड्यामागे. इतिहास आणि बुकमार्क सांभाळणाऱ्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये हेच चाललं होतं, जावास्क्रिप्टच्या इंजिनातही याचेच भाऊबंद निघाले. नेदरकोट यांनी अशा मागण्यांना ‘विदूषकाचे बूट’ असं नाव ठेवलं. मागितलेला आकार आणि दिलेला आकार शेजारी शेजारी छापून पाहीपर्यंत हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कोड वाचून ते दिसतही नाही, कारण वाचताना १,०२४ हा आकडा अगदी शहाणपणाचा वाटतो.

दुसरं प्रकरण जास्त गाजलं. ‘मेमरी लीक’ म्हटलं की प्रोग्राम मेमरी परत करायला विसरला असं आपण समजतो. सी भाषेत तसं होतंही. जावास्क्रिप्टसारख्या भाषांत मात्र परत करायचं काम प्रोग्रामरकडे नसतंच. कचरा गोळा करणारा कोड अधूनमधून फिरतो आणि ज्या वस्तूपर्यंत कुठल्याच वाटेने पोचता येत नाही ती उचलतो. इथे लीक होतं ते नेमकं उलट्या कारणाने, कोणीतरी विसरत नाही म्हणून. फायरफॉक्सची अ‍ॅड-ऑन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम, उघड्या पानाचा एखादा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, स्वतःजवळ ठेवत. तुम्ही टॅब बंद करता, पान पडद्यावरून जातं, पण अ‍ॅड-ऑनच्या हातात दोरीचं टोक शिल्लक असतं. त्या एका टोकापायी पानाची अख्खी जावास्क्रिप्ट, तिच्या सगळ्या वस्तू, सगळं मेमरीत तसंच. हिशेबाच्या पानावर बंद केलेल्या संकेतस्थळांची नावं दिसत राहायची. त्यांना ‘झोंबी’ म्हणत.

अ‍ॅड-ऑन हजारो, त्यांचे लेखक जगभर पांगलेले. एकेकाला गाठून कोड सुधारायला सांगायचं तर जन्म गेला असता. काइल ह्यूई या अभियंत्याने २०१२ मध्ये दुसरी बाजू धरली: पान बंद होताच ब्राउझरनेच अ‍ॅड-ऑनकडून त्या पानाकडे जाणारे पॉइंटर तोडायचे. त्यानंतर अ‍ॅड-ऑनने हात लावलाच, तर ‘मृत वस्तू वापरता येणार नाही’ अशा अर्थाची त्रुटी पदरात पडते. थोडं दांडगाईचंच काम, काही अ‍ॅड-ऑन मोडलीही. पण ऑगस्ट २०१२ च्या फायरफॉक्स १५ पासून या जातीचे बहुतेक झोंबी नाहीसे झाले.

एवढं होऊनही हिशेबात ‘अवर्गीकृत’ अशी एक ओळ उरायचीच. जेमॅलॉक म्हणतो इतके बाइट दिलेत, ब्राउझरचे निरनिराळे भाग मिळून सांगतात त्याहून कमी. मधल्या फरकाला वालीच नाही. यासाठी वेगळं अवजार बनवलं गेलं, डीएमडी, म्हणजे ‘डार्क मॅटर डिटेक्टर’. विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्यावरून त्याचं नाव घेतलंय. ते मेमरीच्या तुकड्यांना विचारतं: तुझा हिशेब कोणी दिलाय का? कोणीच दिला नसेल, तर तो तुकडा कुठल्या साखळीने मागितला ते दाखवतं. दोघांनी दिला असेल तर तेही पकडतं. दोनदा मोजलेली मेमरी हा आणखी वेगळा ताप, कारण त्याने हिशेब जुळल्यासारखा दिसतो.

चित्रांची गोष्ट आपल्याकडच्या एका फोनपाशी येऊन ठेपते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात ‘इंटेक्स क्लाउड एफएक्स’ १,९९९ रुपयांना विकायला आला. त्यावर मोझिलाची फोनसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम फायरफॉक्स ओएस आणि रॅम १२८ एमबी. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, आजच्या मानाने चेष्टाच. पण १,६०० गुणिले १,२०० म्हणजे १९ लाख २० हजार ठिपके, आणि पडद्यावर दाखवण्यासाठी उलगडलेल्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. म्हणजे एका फोटोला जवळपास ७७ लाख बाइट. जेपेग फाइल कितीही छोटी असो, उलगडल्यावर तिला एवढीच जागा लागते. गॅलरीत सोळा फोटो एकदम उलगडले, तर बाकी सगळ्यासकट फोन झोपणार. तेव्हा फायरफॉक्स ओएसमध्ये जेपेग उलगडतानाच लहान करायची सोय केली गेली. दोन्ही बाजूंनी आठव्या हिश्शाने उलगडलं, की तोच फोटो २०० गुणिले १५० चा होतो आणि १ लाख २० हजार बाइटमध्ये बसतो. अंगठ्याएवढ्या चित्राला त्याहून जास्त ठिपके लागत नाहीत. मोठ्या संगणकावरच्या फायरफॉक्सनेही त्याच्या आधी, डिसेंबर २०१३ च्या २६ व्या आवृत्तीत, पडद्याबाहेरची चित्रं उगाच उलगडणं थांबवलं होतं. फोटोंनी गच्च भरलेल्या पानांवर त्याचा फरक चटकन जाणवायचा.

फायरफॉक्स ओएसचे फोन पुढे चालले नाहीत आणि मोझिलाने तो नाद सोडला. फायरफॉक्स ओएसच्या कोडवर कायओएस उभी राहिली, आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमधून भारतात घरोघरी पोचली. त्या फोनची रॅम होती ५१२ एमबी.