स्त्रीवाद आणि बायबलमधली समानता: दोन्ही एकच का?

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, निर्णयांत स्त्रियांनाही घ्या असे कुणी म्हटले, की लगेच उत्तर येते, "हा स्त्रीवाद झाला, आपण बायबलप्रमाणे चालतो." मंडळीबाहेर नेमके उलटे ऐकू येते: बायबलच पुरुषसत्ताक आहे, समानता हवी असेल तर ते बाजूला ठेवा. दोघांचे भांडण जोरात असले तरी दोघे एकच गोष्ट गृहीत धरतात, की समानता ही स्त्रीवादाने आणलेली वस्तू आहे. या गल्लतीची किंमत शेवटी मंडळीतली स्त्रीच मोजते. म्हणून या दोन गोष्टी शेजारी ठेवून नीट पाहायला हव्यात.

स्त्रीवाद म्हणजे विचार आणि चळवळ दोन्ही. स्त्रीचे दुय्यम स्थान निसर्गाने दिलेले नाही, ते समाजाने घडवले आहे, म्हणून ते बदलता येते आणि बदललेच पाहिजे, हा त्याचा गाभा. शिक्षण, मालमत्ता, मतदान, वेतन या मागण्या त्यातूनच आल्या. पुढे त्याचे अनेक प्रवाह झाले आणि त्यांचे आपसांत पटतेच असे नाही.

बायबल दुसरीकडून सुरुवात करते. उत्पत्ती या त्याच्या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव नर आणि नारी दोघांना आपल्या प्रतिरूपात निर्माण करतो, आशीर्वाद दोघांना देतो आणि पृथ्वीवर सत्ता चालवण्याचे कामही दोघांना सोपवतो. माणसाने माणसावर सत्ता चालवावी, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. ती गोष्ट येते तिसऱ्या अध्यायात, पापानंतर: नवरा तुझ्यावर स्वामित्व चालवील. मंडळीत हे वाक्य कितीतरी वेळा आज्ञा म्हणून वाचले जाते. पण त्याच परिच्छेदात जमिनीत काटे-कुसळे उगवतील असेही म्हटले आहे, आणि तण उपटणाऱ्या शेतकऱ्याला देवाविरुद्ध वागतोस असे कुणी म्हणत नाही. पापाने काय बिघडले त्याचे ते वर्णन आहे. पुरुषी वर्चस्व ही निर्मितीची मूळ रचना नव्हे, इथपर्यंत स्त्रीवाद आणि बायबल एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

फरक पडतो तो उपायात. स्त्रीवादाच्या बऱ्याच मोठ्या भागाला माणसाचा स्वतःवरचा पूर्ण हक्क हे अंतिम मूल्य वाटते. बायबलला तसे वाटत नाही, आणि ते स्त्रीपुरतेच नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले वचन, १ करिंथ ७:४, पाहा. पत्नीला स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, तो पतीला आहे, असे पौल म्हणतो. इथपर्यंत त्या काळच्या कुठल्याही पुरुषाने मान डोलावली असती. पण लगेच पुढे तो लिहितो की तसेच पतीलाही स्वतःच्या शरीरावर अधिकार नाही, तो पत्नीला आहे. आणि पुढच्याच वचनात तो परस्परांच्या संमतीची गोष्ट काढतो. रोमन जगात घराच्या कर्त्याला हे ऐकवणे केवढे धाडसाचे होते! पुरुषी मालकी इथे उरत नाही, आणि 'माझे शरीर केवळ माझेच' हेही उरत नाही. दोघेही एकमेकांचे, आणि मुळात देवाचे. मला वाटते, दोन विचारांमधली सीमारेषा इतकी स्पष्ट दाखवणारे दुसरे वचन क्वचितच सापडेल.

यावरून कुणी असे समजेल की विश्वासणाऱ्या स्त्रीने हक्क मागूच नये. तसे असते तर गणना या पुस्तकाचा २७ वा अध्याय बायबलमध्ये आलाच नसता. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी येऊन उभ्या राहतात. समोर इस्राएलाचा पुढारी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी. बापाला मुलगा नव्हता एवढ्यासाठी त्याचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे, आम्हाला वतन, म्हणजे जमिनीचा वाटा, द्या, असे त्या सरळ सांगतात. मोशे स्वतः निर्णय देत नाही, तो प्रकरण देवापुढे नेतो. देव म्हणतो, त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आणि केवळ त्या पाचजणींना जमीन देऊन तो थांबत नाही, सगळ्या इस्राएलासाठी नियम करतो. पुढे ३६ व्या अध्यायात कुळाचे पुरुष तक्रार घेऊन येतात आणि या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट पडते, हेही खरे. आणि यहोशवा १७ मध्ये, जमिनीची वाटणी होत असताना, त्या मुलींना आपला हक्क पुन्हा आठवण करून मागावा लागतो. मिळालेला न्याय पदरात पडेपर्यंत किती पाठपुरावा करावा लागतो, हे बायबल लपवत नाही.

इतिहासातही या दोन वाटा बराच काळ एकमेकींत मिसळलेल्या होत्या. इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या मार्गारेट फेल हिने १६६६ मध्ये तुरुंगात असताना स्त्रियांच्या उपदेशाचे समर्थन लिहिले, तेही शास्त्रवचनांच्या आधारे. १८३८ मध्ये पुस्तकरूपाने आलेली समानतेवरची आपली पत्रे अमेरिकेतल्या सारा ग्रिमके हिने बायबल उघडूनच लिहिली. इंग्लंडमध्ये वेश्याव्यवसायाच्या नुसत्या संशयावरून स्त्रियांची सक्तीने तपासणी करणारे कायदे होते, पुरुषांना मात्र मोकळीक होती. त्याविरुद्ध जोसेफिन बटलर आपल्या ख्रिस्ती श्रद्धेतून लढली, आणि १८८६ मध्ये ते कायदे रद्द झाले. अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकार चळवळीची पुढारी एलिझाबेथ कॅडी स्टँटन हिची दिशा वेगळी होती. १८९५ मध्ये निघालेल्या 'वुमन्स बायबल'मध्ये तिने बायबललाच स्त्रीच्या दास्याचे एक कारण ठरवले. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या मताधिकार संघटनेने ठराव करून त्या पुस्तकाशी आपला संबंध नाकारला. बाजूने ५३ मते पडली आणि विरोधात ४१. म्हणजे बायबलचे काय करायचे, हा प्रश्न चळवळीच्या आतही सुटलेला नव्हता.

आता 'अधीनता'. इफिस ५:२२, पत्नींनो, पतीच्या अधीन असा, सगळ्यांना पाठ असते. त्याच्या आधीचे २१ वे वचन, एकमेकांच्या अधीन व्हा, फारसे कुणाला आठवत नाही. पुढे पत्नींसाठी तीन वचने आहेत आणि पतींसाठी त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यांत हुकूम चालवण्याचा शब्दही नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तशी प्रीती करा, एवढेच मागणे आहे. स्वयंपाक कुणी करावा याबद्दलही बायबलने नियम घातलेला नाही. नीतिसूत्रे ३१ मधली स्त्री शेत पाहून विकत घेते आणि तागाची वस्त्रे करून विकते, तर योहान २१ मध्ये पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावतो.

शास्त्रवचन मानणाऱ्यांतही एकमत नाही. पूरकतावादी म्हणतात, मोल समान पण भूमिका वेगळ्या. पाळकपण (मंडळीचे धर्मगुरूपद) आणि घरातले मस्तकपण (प्रमुखपण) पुरुषाकडे. १९८७ चे डॅनव्हर्स निवेदन, अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती अभ्यासकांचे, याच बाजूचे. त्यांचा भर १ तीमथ्य २:१२ वर असतो, जिथे पौल स्त्रीला शिकवण्याची आणि पुरुषावर अधिकार चालवण्याची परवानगी देत नाही. समतावादी, म्हणजे भूमिकांतही समानता मानणारे, गलती ३:२८ (ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री असा भेद नाही) पुढे करतात, आणि बायबलमध्ये नेतृत्व व सेवा करणाऱ्या दबोरा, हुल्दा, फिबी, प्रिस्किल्ला यांच्याकडे बोट दाखवतात. योशीया राजाच्या काळात यिर्मया संदेष्टा होता, तरी मंदिरात सापडलेल्या नियमशास्त्राच्या ग्रंथाबद्दल देवाचा संदेश विचारायला याजक हुल्देकडे गेले, हा मुद्दा मला वजनदार वाटतो. शिवाय १ करिंथ ११ मध्ये पौल स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात असे धरूनच चालतो, मग १४ व्या अध्यायात स्त्रियांना सांगितलेले 'गप्प राहा' सरसकट कसे असेल? माझा कल समतावादी वाचनाकडे आहे. पण पूरकतावादी प्रामाणिकपणे वाचतात तेव्हा त्यांनाही स्त्री हीन आहे असे म्हणता येत नाही.

घरात मारहाण होते तिथे मात्र या वादाला जागा नाही. १ पेत्र ३:७ पतीला सांगते की पत्नी कृपेच्या वतनात तुझ्याबरोबरची वारस आहे, तिला मान दे, नाहीतर तुझ्या प्रार्थनांत व्यत्यय येईल. मार खाणाऱ्या स्त्रीला 'अधीन राहा' म्हणून परत पाठवणारा पाळक हे वचन कधी वाचतो? रोम १३ नुसार अधिकारी हा वाईट करणाऱ्याला शिक्षा देण्यासाठी नेमलेला देवाचा सेवक आहे. तेव्हा अशी स्त्री पोलिसांत गेली, तर ती देवाच्याच व्यवस्थेचा आधार घेत असते. मंडळीने तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत जावे.