फ्लो वाढवला की नायट्रेट लवकर उतरतं? अजिबात नाही

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसाठी घरी नळी गुंडाळून नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारं द्रव्य) काढणारा फिल्टर बनवणाऱ्याला हमखास सल्ला मिळतो, फ्लो म्हणजे नळीतल्या पाण्याचा वेग वाढवा, काम पटापट होईल. साफ चूक. त्या लांबलचक बारीक नळीच्या पहिल्या वेढ्यांतले बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग पुढचे बॅक्टेरिया नाइलाजाने नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन गॅस होऊन निघून जातो, म्हणून पाणी थेंब थेंबच पडायला हवं. जोरात सोडलंत तर काम अर्धवट राहून उलट नायट्राइट (नायट्रेट मोडतानाचा मधलाच टप्पा) बाहेर येतो, आणि टेस्ट किटशिवाय तो कळायचा नाही. (बाहेर पडणारं पाणी तपासायचं, टँकमधलं नाही!) फारच कमी केलंत तर नायट्रेट संपून सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू, मग थेंब जरा वाढवा.